वस्त्रदालनाचा प्रशासकीय व्यवस्थापक (सोलापूर)

मोठ्या कापड दुकानात विक्री वगळून उरलेली जवळजवळ सगळी कामे सांभाळणारा कर्मचारी. गल्ला, मालाची आवक, हजेरी व पगार, परवाने, कर आणि इमारतीची देखभाल हे त्याचे क्षेत्र. गिऱ्हाइकाची आणि त्याची गाठ बहुधा तक्रार आली तरच पडते. सोलापुरात नवी पेठ, चाटी गल्ली या भागांतील जुन्या पेढ्यांवर मुनीम किर्द-खतावणी सांभाळी आणि बाकीचे मालक स्वतः पाही. दुकाने मजल्यांनी वाढली, कायदे वाढले, तसे मालकाच्या वाट्याचे बरेचसे कामही या खुर्चीकडे आले.

दिवसाची सुरुवात गल्ल्यापासून होते. प्रत्येक काउंटरला ठरावीक चिल्लर मोजून द्यायची आणि रात्री रोख, कार्ड व यूपीआय या तिन्ही रकमा बिलांशी जुळवायच्या. रोख लगेच मोजता येते. कार्डाची रक्कम बँकेचे शुल्क वजा होऊन मागाहून जमा होते. यूपीआयचा घोळ वेगळाच: गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेलेले असतात, दुकानात आलेले नसतात, आणि मागे रांग लागलेली असते. अशा वेळी गिऱ्हाइकाला थांबवायचे की नाव-नंबर लिहून माल द्यायचा, हे ठरवायला व्यवस्थापकालाच खाली बोलावतात.

सुरत, इचलकरंजी, बंगळूर येथून आलेल्या गाठी उघडताना बिलटी (वाहतूकदाराची पावती), बीजक आणि प्रत्यक्ष नग यांचा मेळ घालतात, मगच बारकोड लागतो. एवढ्यावर काम संपत नाही. पुरवठादाराने आपले विवरण भरले नाही, तर दुकानाला भरलेल्या वस्तू व सेवा कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे दर महिन्याला खरेदीची यादी जीएसटीच्या संकेतस्थळावरील नोंदींशी ताडून पाहावी लागते. नोंद न दिसणाऱ्याचे पैसे रोखून धरणे हा अनेक व्यवस्थापकांचा अनुभवाने आलेला उपाय आहे.

स्थानिक चादरी-टॉवेलांचा हिशेब आणखी नाजूक. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण ती विणणारे कारखाने बहुतांशी लहान. त्यांची बिले महिनोन्‌महिने थकवण्याची बाजाराची जुनी सवय होती. कायद्याने मात्र नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदत टळली आणि वर्षअखेर रक्कम थकलेलीच राहिली, तर त्या वर्षीच्या प्राप्तिकराच्या हिशेबात तो खर्च धरता येत नाही. त्यामुळे कोणता पुरवठादार उत्पादक आणि कोणता नुसता व्यापारी, याची वेगळी यादी ठेवणे आले, कारण व्यापाऱ्याच्या थकबाकीला हा नियम लागत नाही.

या कामाचा खरा कस लग्नाच्या बस्त्यात लागतो. अक्कलकोट, मंगळवेढा, मोहोळ आणि सीमेपलीकडील इंडी-विजयपूर भागातून दोन्हीकडची माणसे गाड्या भरून येतात आणि दिवसभर दुकानातच असतात. चहा-नाश्ता, आहेराच्या साड्यांचे वेगळे ढीग, प्रत्येक गठ्ठ्यावर नावाची चिठ्ठी, जांगड (पसंत पडल्यास ठेवायच्या बोलीवर) दिलेल्या मालाची नोंद हे सारे पडद्यामागून चालते. बिलावर करही एकसारखा नसतो. साडी कापडात मोडते, म्हणून शालू कितीही भारी असो, कर ५ टक्केच. शिवलेल्या कपड्यांना मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ आणि त्यापुढे १८ टक्के लागतात. नवरदेवाच्या शेरवानीपाशी वाद होतो तो यामुळेच. दुसरा वाद रोखीचा. एप्रिल २०१७ पासून एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एकाच प्रसंगासाठी २ लाख रुपये वा त्याहून अधिक रोख घेता येत नाही, आणि घेतल्यास तेवढाच दंड दुकानाला होऊ शकतो. ‘चार बिलं करा की’ हा सल्ला प्रत्येक बस्त्यात मिळतो, पण लग्न एकच असल्याने त्याचा उपयोग होत नाही. हे वधूपित्याला न दुखावता समजावून सांगणे कोणत्याही सॉफ्टवेअरला जमण्यासारखे नाही.

कामगारांच्या बाबतीत महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम लागू होतो. त्याने दुकान वर्षभर उघडे ठेवण्याची मुभा दिली, पण प्रत्येकाला आठवड्याची सुटी आणि जादा कामाला दुप्पट दराने मोबदला बंधनकारक केला. भविष्यनिर्वाह निधी व कर्मचारी राज्य विम्याचे हप्ते पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात, आणि पगाराआधी उचल मागणारे त्याच सुमारास दारात उभे असतात.

सोलापुरात पाळ्या लावताना भाषाही पाहावी लागते. अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकाशी कन्नड, पूर्व भागातील पद्मशाली कुटुंबांशी तेलुगू, शिवाय मराठी आणि उर्दू बोलणारा विक्रेता त्या-त्या काउंटरला हवाच. त्यात विक्रीचे दिवस तेच सुटीचे दिवस. जानेवारीतील सिद्धेश्वर यात्रा म्हणजे गड्डा, राखी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, रमजान ईद, दिवाळी: प्रत्येक वेळी कोणाच्या तरी घरचा सण असतो. शहाणा व्यवस्थापक ही वाटणी महिनाभर आधी आपसांत ठरवून घेतो, कारण ऐनवेळी काढलेला हुकूम कोणी पाळत नाही.

इमारतीची कामे किरकोळ वाटतात, पण खोळंबा तीच करतात. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे टाकी आणि टँकर यांकडे लक्ष ठेवावे लागते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की वातानुकूलन आणि जनरेटरच्या डिझेलचा खर्च वाढतो. अग्निशमन साधनांची तपासणी, मराठी पाटी, कॅमेऱ्यांचे चित्रण हेही याच टेबलावर येते.

३१ मार्चच्या सुमारास साठामोजणी होते. संगणकातील आणि कपाटातील आकड्यांत पडणारी तूट चोरीचीच असते असे नाही. चुकीचा बारकोड, परत आलेला पण नोंद न झालेला नग, जांगड गेलेली आणि विसरलेली साडी अशी कारणेही निघतात. तरी संशय आधी माणसांवर जातो, आणि तो आवरणे व्यवस्थापकाच्याच हाती असते.

या पदासाठी निराळे शिक्षण सहसा मागत नाहीत. वाणिज्य शाखेची पदवी, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची माहिती आणि कॅशियर म्हणून काढलेली काही वर्षे यांवर नेमणूक होते. बऱ्याच पेढ्यांत तिजोरीची किल्ली मात्र अजून मालकाच्या घरीच असते.