पैसे मोजून घेतलेला झटका

इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलला किंवा ब्रायटनला समुद्रात लांबवर गेलेले लाकडी-लोखंडी धक्के आहेत. शंभर वर्षांपूर्वी सुट्टीत तिथं फिरायला गेलेला माणूस खिशातल्या एकेका पेनीत वजन करून घ्यायचा, भविष्याचं कार्ड काढायचा, भिंगाला डोळा लावून हलती चित्रं बघायचा. आणखी एक पेनी उरलीच तर विजेचा झटका घ्यायचा. अमेरिकेत हीच करमणूक एका सेंटमध्ये मिळायची. शॉक हा आपल्यासाठी चुकून बसणारा, बसल्यावर शिव्या घालायचा प्रकार. लोक तो रांगेनं पैसे टाकून घेत होते हे कळलं, तेव्हापासून मी या यंत्रांच्या मागे लागलो.

यंत्र बाहेरून असं दिसतं: ओकच्या लाकडाची किंवा ओतीव लोखंडाची पेटी, मधोमध काटा असलेली तबकडी आणि खाली धातूच्या दोन मुठी. नाणं टाकायचं, दोन्ही मुठी धरायच्या आणि त्यांतली एक हळूहळू फिरवायची. काटा पुढे सरकतो तशी मुंग्या, मग चिमटे, मग कोपरापर्यंत चढणारी कळ. तबकडीवरचे आकडे ना व्होल्टचे ना अँपिअरचे. मूठ किती फिरली एवढंच ते सांगतात.

शिकागोची मिल्स नॉव्हेल्टी कंपनी जुगाराच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिनं असं एक यंत्र काढलं. त्याचं नाव 'इलेक्ट्रिसिटी इज लाइफ', म्हणजे वीज हेच जीवन. हे नाव करमणुकीचं वाटत नाही, कारण ते दवाखान्यातून आलं होतं. १८५० च्या दशकात पॅरिसचे डॉक्टर द्युशेन विजेच्या झटक्यांनी एकेक स्नायू वेगळा हलवून दाखवत होते. अमेरिकेत डेव्हिस आणि किडर यांच्या नावाची, हातानं दांडी फिरवायची पेटी १८५४ च्या पेटंटखाली 'मज्जातंतूंच्या विकारांसाठी' घरोघर विकली गेली. पुढं अशाच डॉक्टरी पेट्यांना कोणीतरी नाण्याची खाच पाडली. त्यामुळं जुन्या यंत्रांच्या पाटीवर संधिवात, डोकेदुखी, अशक्तपणा असे आजार दिमाखात छापलेले दिसतात. त्या दाव्यांना आधार नव्हता. वैद्यकीय उपकरणांना अमेरिकेचा संघीय कायदा लागू झाला तोच मुळी १९३८ साली.

आता खरी गंमत आतली. दीड व्होल्टच्या सेलची दोन टोकं ओल्या बोटांनी धरली तरी काही जाणवत नाही. मग याच सेलवर चालणारं यंत्र माणसाला ओरडायला कसं लावतं?

माझ्याकडे या यंत्रांचं सख्खं भावंड म्हणावी अशी एक लाकडी पेटी आहे, जुन्या डॉक्टरी वापरातली. झाकण उघडलं की मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास येतो. मधे हिरवट रेशमी धाग्यानं गुंडाळलेल्या तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, आहे. त्याच्या पोटात मऊ लोखंडाच्या तारांची जुडी आणि तोंडाशी पोलादी पट्टीवर बसवलेला छोटा हातोडा. सेल जोडला की जुडी चुंबक बनते आणि हातोड्याला ओढते. हातोडा ओढला गेला की विजेचा मार्ग तुटतो, चुंबकत्व जातं, पट्टी परत येते आणि मार्ग पुन्हा जुळतो. जुन्या दारावरची घंटा वाजते ती याच युक्तीनं, म्हणून पेटीही माशीसारखी गुणगुणते.

जाड तारेच्या थोड्या वेढ्यांवर बारीक तारेचे हजारो वेढे घातलेले असतात. आतलं चुंबकीय क्षेत्र अचानक कोसळलं की बाहेरच्या वेढ्यांत क्षणभर विजेचा मोठा दाब (व्होल्टेज) तयार होतो. फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलेलं प्रवर्तन हेच. दीड-तीन व्होल्टवरून असे शेकडो व्होल्ट मिळतात, पण विजेचा प्रत्येक ठोका, म्हणजे स्पंद, अगदी क्षणिक असतो.

झटका कमी-जास्त करण्याची सोय मला सगळ्यात देखणी वाटते. लोखंडी जुडी आणि वेटोळं यांच्या मधे पितळी नळी सरकते. नळी पूर्ण आत असली की कोसळणाऱ्या क्षेत्रामुळं नळीतच विजेचे गोल गोल प्रवाह (भोवरा-प्रवाह) फिरतात, ते कोसळणं मंदावतं आणि झटका मवाळ होतो. नळी बाहेर ओढत गेलं की झटका वाढतो. नळी कुठल्याही तारेला जोडलेली नसते, नुसती सरकते. करमणुकीच्या अनेक यंत्रांत मूठ फिरवणारा माणूस नकळत हीच नळी ओढत असायचा.

मग माणसं मरत कशी नव्हती? उत्तर स्पंदाच्या लांबीत आहे. हाताच्या मज्जातंतूला जागं व्हायला सेकंदाच्या काही दशसहस्रांश एवढा वेळ पुरतो. हृदयाच्या स्नायूला त्याच्या कितीतरी पट लांब स्पंद लागतो. कॉइलचा टोचरा स्पंद हाताला झोंबतो, पण हृदयाच्या लेखी तो फार तोकडा पडतो. शिवाय एका-दोन सेलमधून मिळणारी ऊर्जाही बेताचीच.

घरातली मेन्सची वीज मात्र वेगळी. तिथं प्रवाह सलग वाहतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार्ल्स डाल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर मोजमापं केली. साधारण १६ मिलिअँपिअरच्या पुढं सरासरी पुरुषाला हातातली तार सोडता येत नाही. मूठ आवळणारे स्नायू मूठ उघडणाऱ्यांपेक्षा दांडगे असल्यामुळं हात चिकटल्यासारखा होतो. 'विजेनं ओढून धरलं' असं आपण म्हणतो, पण खरं तर आपलाच हात तिला धरून बसतो. दोन मुठी दोन हातांत धरल्यावर प्रवाहाची वाट सरळ छातीतून जाते, हेही ध्यानात ठेवा. म्हणून सेलच्या जागी मेन्सवरचा अडॅप्टर बसवलेलं जुनं यंत्र कोणी दाखवलं तर मुठींना हात लावू नका. मला या छंदात खरा राग याच गोष्टीचा येतो: अशानं चांगलं यंत्र बिघडतं आणि माणसाचा जीवही धोक्यात येतो. पेसमेकर असलेल्यांनी तर सेलवरच्या यंत्रापासूनही लांबच राहावं.

यंत्र ओळखायचं कसं? बहुतेक जण पाटी वाचतात, रंग बघतात आणि फसतात. मी आधी खाच मोजतो. इंग्लंडची जुनी पेनी ३०.८ मिलिमीटर व्यासाची होती, फ्रान्सचं दहा सांतीमचं कांस्य नाणं ३० मिलिमीटरचं, अमेरिकन सेंट जेमतेम १९ चा. १५ फेब्रुवारी १९७१ ला इंग्लंडनं दशमान पद्धत घेतली आणि नवी पेनी २०.३ मिलिमीटरची झाली. मोठ्या खाचेत बारीक नाण्यासाठी पत्र्याचा तुकडा डकवलेला दिसला तर ते यंत्र १९७१ नंतरही पोटापाण्याला लागलेलं होतं असं समजायला हरकत नाही. अशा डागडुजीमुळं किंमत पडते असं संग्राहक म्हणतात. मला तो तुकडा आवडतो.

अमेरिकन यंत्रावर पेटंट क्रमांक असेल तर काम सोपं. तिथला दहा लाखावा क्रमांक १९११ मध्ये दिला गेला आणि वीस लाखावा १९३५ मध्ये. सात आकडी, एकानं सुरू होणारा क्रमांक दिसला की पेटंट या दोन सालांमधलं. यंत्र त्याच्या आधीचं असणं शक्य नाही, नंतरचं असू शकतं. मग मुठींची चमक बघायची. निकेलला किंचित पिवळसर, उबदार झाक असते आणि क्रोमला निळसर. क्रोमचा मुलामा बाजारात रुळला तो १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. शंभर वर्षं माणसांनी धरलेल्या मुठीवरचं निकेल तळव्याच्या जागी झिजून पितळ दिसू लागतं. ही झीज नक्कल करणाऱ्याला सहज जमत नाही, तो सगळीकडून सारखं घासून ठेवतो. फुलीची खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्याआधी नव्हता. जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पेटीत तो असेल तर कोणीतरी मधे हात घातला आहे.

ओतीव पेटीची नक्कल पकडायची एक युक्ती मला ओतकामाच्या कारखान्यातल्या माणसाकडून कळली. मूळ पेटीचाच साचा करून नवं ओतलं की लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. अर्धा मीटर उंचीची पेटी पाच मिलिमीटर बुटकी निघते आणि नक्षीच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत होतात. म्हणून खऱ्या यंत्राची मापं वहीत लिहून ठेवावीत आणि बाजारात जाताना टेप बरोबर न्यावी. लोहचुंबकही न्यावा. तो चिकटलाच नाही तर पेटी बहुधा ॲल्युमिनियमची.

शेवटी मागचं दार उघडायला सांगा. विकणारा नाही म्हणाला तर यंत्र घेऊ नका. आत उंच, गोल सेलसाठी जागा असेल, साधारण १५ सेंटिमीटर उंच आणि साडेसहा सेंटिमीटर रुंद, तर ती जुन्या सहा नंबरच्या कोरड्या सेलची. हे सेल दीड व्होल्टचेच, पण प्रवाह भरपूर देणारे. मूळ कॉइल जागेवर आहे का, सुती किंवा रेशमी आवरणाची तार आहे का, हातोडा आणि त्याची पट्टी शाबूत आहे का, ते बघा. आतल्या भागात बेकेलाइट हे सुरुवातीचं प्लास्टिक दिसलं तर तो भाग १९०७ च्या आधीचा नाही, कारण त्याआधी बेकेलाइटच नव्हतं. पेटी नव्यासारखी रंगवून आत आधुनिक सर्किट बसवलेली यंत्रं मी महागात विकली जाताना पाहिली आहेत. माझ्या लेखी त्यांत यंत्र राहिलेलंच नसतं. उलट रंग उडालेल्या, एक पाय तुटलेल्या पेटीत मूळ कॉइल असेल तर मी उचलतो.

मेक्सिको सिटीत गारिबाल्दी चौकात आजही 'तोकेस'वाले, म्हणजे पैसे घेऊन विजेचे झटके देणारे, लाकडी पेटी गळ्यात अडकवून फिरतात. पाच-सात मित्र एकमेकांचे हात धरून वर्तुळ करतात, दोन टोकांचे दोघे धातूच्या नळ्या धरतात आणि पेटीवाला बटण पिळत जातो. १७४६ मध्ये फ्रान्सच्या राजापुढं नोले यांनी १८० पहारेकऱ्यांना हातात हात देऊन उभं केलं आणि लायडन जारच्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या काचेच्या बरणीच्या, एका झटक्यात सगळे एकदम उडाले होते. खेळ तोच, फक्त राजाच्या जागी मित्रमंडळी.

माझी पेटी कित्येक वर्षं मुकी होती. तारा बदलायच्या आधी मी एक साधी गोष्ट केली. हातोड्याच्या टोकाशी कोरा कागद धरून दोन-तीनदा ओढला. कागदावर मळाची काळी रेघ उमटली. मग दीड व्होल्टचा एकच सेल जोडला, मुठी टेबलावर दूर ठेवल्या आणि पट्टीचा स्क्रू पाव वळसा फिरवला. काहीच झालं नाही. आणखी थोडा फिरवला. संपर्काच्या टोकावर निळी ठिणगी दिसली आणि पेटी गुणगुणू लागली.