घाटात लागणारा ब्रेकचा दिवा

ताम्हिणी घाट उतरून विळ्याकडे येताना आमच्या जुन्या जीपच्या डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागायचा. सपाटीला आलं की विझायचा. ब्रेक नेहमीसारखे लागत होते, म्हणून 'वायरिंगचं काहीतरी असेल' असं म्हणत दोन पावसाळे गाडी तशीच चालवली. ती चूक होती. दिवा खरं तेच सांगत होता.

बॉनेट उघडून मास्टर सिलिंडरवरच्या (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलवर दाब देणाऱ्या पंपावरच्या) प्लास्टिकच्या डबीत पाहिलं तर ब्रेक ऑइल किमान पातळीच्या रेषेला टेकलेलं. या डबीत एक छोटा फ्लोट तरंगत असतो आणि त्याच्या पोटात चुंबक असतं. खाली काचेच्या बारीक नळीत लोखंडाच्या दोन पात्या असतात, एकमेकींपासून केसभर दूर. हा रीड स्विच. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये वॉल्टर एलवूड यांनी तो १९३६ साली तयार केला. ऑइल कमी झालं की फ्लोट खाली येतो, चुंबकाच्या ओढीने पात्या चिकटतात आणि दिवा लागतो. उतारावर गाडीचं नाक खाली गेलं की डबीतलं ऑइल पुढे सरकतं. पातळी मुळातच काठावर असेल तर तेवढ्यानेही फ्लोट खाली बसतो.

गळती कुठेच नव्हती. मग ऑइल गेलं कुठे? डिस्क ब्रेकचे पॅड झिजतात तसतसा कॅलिपरमधला (पॅडना चकतीवर दाबणाऱ्या चिमट्यातला) पिस्टन थोडाथोडा बाहेर येतो आणि त्याच्यामागची जागा ऑइल भरून काढतं. म्हणजे डबीतली पातळी हे पॅडच्या जाडीचंही मोजमाप आहे. अशा वेळी वरून ऑइल ओतलं की दिवा विझतो, पण झिजलेले पॅड झाकले जातात. गळती असली तरी ती नेहमी जमिनीवर दिसत नाही. मागच्या चाकाच्या ब्रेक ड्रममध्ये व्हील सिलिंडर (ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) पाझरत असेल तर ऑइल आतच लायनरवर, म्हणजे घासणाऱ्या थरावर पसरतं, म्हणून ड्रम उघडून पाहावाच लागतो.

दिवा सतत लागून राहिला असेल तर आधी पेडल दाबून पाहा. ते मऊ लागत असेल किंवा हळूहळू खाली जात असेल तर गाडी जागची हलवू नका. पेडल घट्ट असेल तर वायरिंगकडे वळा. बहुतेक जुन्या गाड्यांत या दिव्याला चावी फिरवल्यावर १२ व्होल्ट मिळतात आणि त्याची दुसरी वायर दोन-तीन स्विचकडे जाते: हँडब्रेकचा, डबीतला आणि काही गाड्यांत ब्रेकच्या व्हॉल्व्हवरचा. यांतल्या कोणत्याही एकाने अर्थ दिला, म्हणजे ती वायर चॅसीला जोडली, की दिवा लागतो. म्हणून चावी चालू ठेवून एकेका स्विचचा कपलर काढायचा. जो काढल्यावर दिवा विझेल, दोष त्या बाजूला. सगळे काढूनही दिवा लागलेलाच असेल तर वाटेत एखादी वायर सोलून चॅसीला टेकली असणार. चिखलापाण्यातून फिरणाऱ्या गाडीत हँडब्रेकचा स्विच गंजून अडकतो, तर जुना फ्लोट तडकून ऑइल पितो आणि भरल्या डबीतही बुडून बसतो.

व्हॉल्व्हवरचा स्विच मला सगळ्यांत हुशार वाटतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम. म्हणूनच एका ठिकाणी पाइप फुटला की त्या सर्किटचा, म्हणजे ऑइलच्या त्या सगळ्या पाइपलाइनचा दाब जातो, आणि म्हणूनच ब्रेकची दोन स्वतंत्र सर्किट ठेवतात. दोन्हींच्या मध्ये एक छोटा पिस्टन असतो. दोन्हीकडून सारखा दाब असेल तोवर तो मधोमध राहतो. एका बाजूचा दाब गेला की तिकडे सरकतो आणि स्विच दाबला जातो. किती दाब आहे हे त्याला कळत नाही, तो फक्त तुलना करतो. ब्रेकच्या पाइपातली हवा काढताना एक निपल (चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू) उघडलं की हाच पिस्टन कडेला जातो आणि काही गाड्यांत तिथेच अडकतो. दुरुस्ती चोख, पेडल घट्ट, तरी दिवा लागलेलाच! अशा वेळी विरुद्ध सर्किटचं निपल किंचित उघडून पेडल हळूच दाबायचं. पिस्टन मध्यावर आला की दिवा विझतो, पण जोर जास्त झाला तर तो पलीकडच्या कडेला जाऊन बसतो.

आमच्या डबीतलं ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट झालं होतं. आपण ऑइल म्हणतो, पण डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे प्रकार म्हणजे ग्लायकॉलवर आधारलेली रसायनं आहेत आणि ती हवेतली ओल शोषतात. डॉट ३ कोरं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे, ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १४० अंशांवर येते. दीड टन वजनाची गाडी ५०० मीटर उतरते तेव्हा जी ऊर्जा सुटते, तिच्यात सुमारे २२ लिटर पाण्याला उकळी येईल. गिअर खालचा ठेवला नाही तर यातली बरीचशी उष्णता ब्रेकमध्ये जाते. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दबते आणि पेडल थेट तळाला जातं.

मेकॅनिककाकांनी चाकं खोलली तेव्हा पुढच्या पॅडवर जेमतेम दोन मिलिमीटर थर उरला होता. नवे पॅड बसवण्यासाठी त्यांनी कॅलिपरचे पिस्टन हळूहळू मागे दाबले. मी डबीकडे पाहत होतो. वरून एक थेंबही न घालता ते काळपट ऑइल वर चढत गेलं आणि वरच्या रेषेपाशी येऊन थांबलं.