संपादकास पत्र (शोधनियतकालिके)

शोधनियतकालिकात छापून आलेल्या निबंधाबद्दल वाचकाने संपादकाला लिहिलेले आणि संपादकाने त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केलेले छोटे लेखन. ‘पत्रव्यवहार’, ‘टिप्पणी’ अशा मथळ्यांखालीही ते छापले जाते. वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रात नुसते मत चालते. इथे मताला पुरावा जोडावा लागतो, संदर्भ द्यावे लागतात आणि पत्रलेखकाला आपले हितसंबंधही जाहीर करावे लागतात. छापण्यापूर्वी निबंध सहसा दोन-तीन समीक्षकच तपासतात. छापल्यावर तो त्या विषयातल्या सगळ्या जाणकारांसमोर येतो आणि समीक्षकांकडून निसटलेली चूक त्यांच्यापैकी कुणाला तरी दिसते. ती चूक जिथे छापली गेली तिथेच दाखवून देण्याचा आणि मूळ लेखकाकडून जाहीर उत्तर मागण्याचा हक्क या पत्रामुळे वाचकाला मिळतो.

शोधनियतकालिके मुळात पत्रांतूनच जन्माला आली. लंडनमधल्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांचा युरोपभरच्या विद्वानांशी पत्रव्यवहार होता. त्याच्याच बळावर त्यांनी १६६५ साली लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले. प्रकाश आणि रंग यांविषयीचा न्यूटनचा १६७२ मधला लेख हेही ओल्डेनबर्ग यांना लिहिलेले पत्रच होते. पॅरिसचे विद्वान पार्दी यांनी त्यावर शंका घेतल्या, न्यूटनने उत्तरे दिली, दोन्ही बाजू छापल्या गेल्या आणि पार्दींचे समाधान झाले. पुढे नवा शोध झटपट जाहीर करण्यासाठीही हाच प्रकार वापरला गेला. प्रकाशाच्या विकिरणाबद्दल रामन आणि कृष्णन यांनी १९२८ मध्ये आणि न्यूट्रॉनबद्दल चॅडविक यांनी १९३२ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिले ते पत्ररूपानेच. ‘फिजिकल रिव्ह्यू’मधला पत्रांचा विभाग १९५८ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नावाने स्वतंत्र नियतकालिक झाला. नावात ‘लेटर्स’ असलेल्या अशा नियतकालिकांत आज पूर्ण दर्जाचे छोटे शोधनिबंध येतात. या नोंदीचा विषय ते नव्हेत.

वैद्यकीय नियतकालिकांचे नियम सर्वांत काटेकोर आहेत. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ ताज्या निबंधावरच्या पत्राला १७५ शब्द आणि तीन आठवडे देते. ‘लॅन्सेट’ २५० शब्द आणि दोन आठवडे. शब्दांचे बंधन उपकारकच आहे, लेखकाला मुद्द्यावर यावेच लागते. मुदतीचे बंधन मात्र समर्थनीय वाटत नाही. मूळ आकडे मागवून पुन्हा हिशेब करायला महिने लागू शकतात, आणि मुदत टळली म्हणून चूक काही बरोबर ठरत नाही.

चांगल्या पत्रात बहुधा एकच मुद्दा असतो. पहिल्याच वाक्यात कोणता निबंध आणि त्यातले कोणते विधान हे सांगायचे, मग तक्ता किंवा आकृतीवर बोट ठेवायचे आणि त्या दोषामुळे निष्कर्ष बदलतो का, हे स्पष्ट करायचे. हा शेवटचा भागच बहुतेक पत्रांत राहून जातो. समजा, एखाद्या निबंधाने औषधामुळे धोका निम्म्यावर आल्याचे म्हटले आहे आणि तक्त्यात तो हजारात दोनवरून हजारात एकवर आलेला दिसतो. निम्मा हा शब्द खोटा नाही. पण एका रुग्णाला फायदा व्हावा म्हणून हजार जणांना औषध द्यावे लागेल, हे निबंधात नसेल तर पत्राने सांगितलेच पाहिजे. चाचणी अर्धवट सोडून गेलेल्यांचे काय झाले, तुलनेचे गट खरोखर सारखे होते का, आधी ठरवलेले मोजमाप नंतर बदलले का, हे प्रश्न नेहमीच विचारण्याजोगे असतात. ‘नमुना लहान आहे, आणखी संशोधन हवे’ एवढेच सांगणारे पत्र मात्र कोणत्याही निबंधाला चिकटवता येते, म्हणून त्याचा उपयोग कुणालाच नाही. टीका कामावर करावी. लेखकाच्या हेतूंवर घसरलेले पत्र संपादक बाजूला ठेवतो आणि त्यातला खरा मुद्दाही वाया जातो.

पत्र स्वीकारले की ते मूळ लेखकाकडे जाते आणि बहुधा पत्र व उत्तर शेजारीशेजारी छापले जातात. दोष गंभीर ठरला तर शुद्धिपत्र निघते किंवा निबंध मागे घेतला जातो.

टीकेखेरीज एखादे निरीक्षण कळवण्यासाठीही पत्र लिहिले जाते. सिडनीचे प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॅकब्राइड यांचे थॅलिडोमाइडवरचे पत्र १६ डिसेंबर १९६१ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आले. अवघ्या काही ओळींत त्यांनी गरोदरपणी हे औषध घेतलेल्या स्त्रियांच्या बाळांमधली व्यंगे नोंदवली आणि आणखी कुणाला असे आढळले आहे का, असे विचारले. औषध मागे घेणे तोवर सुरू झाले होते. काय शोधायचे ते या पत्रामुळे इतर देशांतल्या डॉक्टरांना कळले. मॅकब्राइड यांनी ठाम दावा केला नाही, प्रश्न विचारला, आणि तेवढ्या पुराव्यावर तेच योग्य होते.

याच्या उलट घडलेली गोष्ट आजही अस्वस्थ करते. जानेवारी १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये पाच वाक्यांचे एक पत्र आले. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय औषधे दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, आधी व्यसन नसलेल्या फक्त चौघांना व्यसन जडल्याची नोंद सापडली, असे त्यात होते. पद्धतीचा तपशील जवळजवळ नव्हता, आणि घरी महिनोन्महिने ही औषधे घेणाऱ्यांबद्दल पत्र काहीच सांगत नव्हते. तरीही व्यसनाचा धोका नगण्य असल्याचा पुरावा म्हणून ते वर्षानुवर्षे उद्धृत होत राहिले. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकातल्या दुसऱ्या एका पत्राने हिशेब मांडला: ६०८ उल्लेख, त्यांपैकी ७२.२ टक्क्यांत ते व्यसन दुर्मीळ असल्याचा आधार म्हणून वापरलेले, आणि रुग्ण रुग्णालयातले होते हे ८०.८ टक्क्यांत सांगितलेलेच नाही. त्यानंतर संपादकांनी जुन्या पत्रावर इशारा जोडला. पत्राचा संदर्भ घेणाऱ्याने ते वाचले होते का, ही शंका इथे टाळता येत नाही.

या व्यवस्थेच्या उणिवाही मोठ्या आहेत. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती टीकेला उत्तर देणे ही लेखकांची जबाबदारी मानते, पण सक्ती करणारे कुणी नाही. ‘लॅन्सेट’चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी आपल्याच नियतकालिकातला पत्रव्यवहार तपासून २००२ मध्ये दाखवले की, निम्म्याहून अधिक टीकेला लेखकांनी उत्तरच दिले नव्हते. काही नियतकालिके चूक दाखवणाऱ्याकडूनही छपाईचे शुल्क मागतात, हे तर अन्यायाचेच आहे. मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला, कोविडवरच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाविषयीचा निबंध दोन आठवड्यांत मागे घेतला गेला, पण त्याआधी शंभराहून अधिक संशोधकांनी मिळून खुले पत्र लिहिले होते आणि सगळे जग त्या औषधाकडे डोळे लावून बसले होते. एकट्या वाचकाचे पत्र बहुधा पुढच्या एखाद्या अंकात छापले जाते. मूळ निबंधाला त्याची जोड ठळकपणे दिलेली नसेल तर तो निबंध वाचणाऱ्याला आक्षेप घेतला गेला होता हेदेखील समजत नाही.