टोकदार अंड्यातून कोंबडाच निघतो?

घरच्या इन्क्युबेटरमध्ये अंडी मांडायला बसलं की हमखास कानावर येतं: टोकदार अंडी बाजूला काढा, त्यांतून कोंबडे निघतात, तलंगा (तरुण कोंबड्या) हव्या असतील तर गोल अंडी घ्या. ऐकायला सोपं, पण खोटं.

पिल्लू नर की मादी हे कवच चढण्याच्या आधीच ठरलेलं असतं. माणसात ते बापाकडून ठरतं, कोंबड्यांत आईकडून. कोंबडीकडे झेड आणि डब्ल्यू अशी दोन वेगळी गुणसूत्रं असतात. बलकासोबत झेड गेलं तर नर, डब्ल्यू गेलं तर मादी. आकार येतो त्यानंतर, अंडं नलिकेतून पुढे सरकताना. नुसतं कवच चढायलाच सुमारे २० तास लागतात. शिवाय एक कोंबडी सहसा एकाच घडणीची अंडी घालते. म्हणजे या हिशेबाने काहींना जन्मभर कोंबडेच व्हायला हवेत!

तापमान कमी-जास्त करून माद्या मिळवायचा सल्लाही तसलाच. मगरींत आणि बऱ्याच कासवांत तसं घडतं. इथे पंख्याच्या इन्क्युबेटरमधले ३७.५ अंश सेल्सिअस सोडून खेळ केलात तर पिल्लंच दगावतील.

अगदी वेडीवाकडी अंडी मात्र जरूर वगळा. त्यांतून पिल्लं कमी निघतात. बाकीची २१ दिवस उबवा, साधारण निम्मे कोंबडे निघणारच.