गाडी मिसिंग करतेय? काही बदलण्याआधी हे वाचा

“सगळं नवीन टाकलंय, तरी मिसिंग जात नाही.” जुन्या गाड्यांचे मालक आमच्या गॅरेजमध्ये येतात ते बहुधा हे वाक्य घेऊनच. मिसिंग म्हणजे चालता चालता एखादा सिलिंडर मधूनच न पेटणं. प्लग, पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारा स्विच), कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा), वायरी, रोटर, कॅप (हे दोन्ही ठिणगी प्रत्येक सिलिंडरला वाटतात), सगळं बदललेलं असतं आणि डिकीत रिकामी खोकी असतात. जुने पार्ट कुठे आहेत विचारावं, तर “ते टाकून दिले.”

आमचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. एका वेळी एकच वस्तू बदलली आणि गाडी फिरवून पाहिली, तर काहीतरी हाती लागतं. एकदम सहा बदलल्या आणि फरक पडला, तर तो कशाने पडला ते कळत नाही. नाही पडला, तर मूळ दोष जागच्या जागी, वर सहा अनोळखी वस्तू गाडीत. नवा पार्ट चांगलाच असणार, असं जुन्या गाड्यांच्या बाबतीत धरून चालू नका. खोक्यातून काढलेला कंडेन्सर थंड असताना मीटरवर बरोबर दिसतो आणि इंजिन तापलं की त्यातून करंट गळायला लागतो, हे आम्ही पुष्कळदा पाहिलं आहे.

एक उदाहरण सांगतो. चार सिलिंडरची गाडी, हलक्या पायाने चालवताना झटके, पाय दाबला की हे झटके गायब; चढावर मात्र वेगळंच अडखळणं. मालकांना वाटलं, पेट्रोल कमी पडतंय. लक्षण तसंच दिसतं, त्यांना दोष देत नाही. त्यांनी कार्बोरेटर खोलला, जेट बदलले, मिक्श्चर वाढवलं, मग इग्निशनचं सगळं सामान नवीन टाकलं. आम्ही व्हॅक्युम अॅडव्हान्सची (इंजिनच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाची) नळी काढून तिचं तोंड बंद केलं आणि चक्कर मारली. ते झटके नाहीसे. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे पॉइंट आणि रोटर असलेल्या डब्याच्या, आत पॉइंटची पट्टी ज्या बोटभर वायरने अर्थ होते, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडली जाते, ती वरून धड होती, पण आवरणाच्या आत तिचे तंतू तुटले होते. व्हॅक्युमने पट्टी सरकली की अर्थ सुटायचा. पाय दाबला की व्हॅक्युम पडतो, पट्टी मागे येते आणि तंतू पुन्हा टेकतात.

वायर बदलायला थोडाच वेळ लागला. तरी चढावर गाडी अडखळतच होती. आता दोष होता नव्या रोटरचा. रिव्हेटमधून स्पार्क खाली शाफ्टला उतरत होता, आणि जोर लागला की नेमका तेव्हाच. जुना रोटर जवळ असता, तर तो बसवून पाच मिनिटांत कळलं असतं. त्या गाडीला दीड दिवस लागला. त्यातला एक दिवस त्या रोटरचा.

गाडी आणण्याआधी तुम्ही करण्यासारखं खरं काम म्हणजे नीट लक्ष देणं. मिसिंग गार इंजिनला होते की वीस मिनिटं चालल्यावर? फक्त स्लोला असेल, तर आम्ही टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि मॅनिफोल्डमधून शिरणारी जादा हवा आधी बघतो. चढावर, भार पडल्यावर असेल तर प्लग, वायरी, कॅप, रोटर. वरच्या स्पीडला असेल तर पॉइंटची स्प्रिंग किंवा पेट्रोलचा पुरवठा. तापल्यावरच असेल तर कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणारी) किंवा कंडेन्सर. कार्बोरेटरमधून फटका येतो की सायलेन्सरमधून, तेही लिहून आणा. रात्री उघड्या जागेत, इंजिन चालू ठेवून, दिवे बंद करून बॉनेट वर करा. वायर गळत असेल तर निळी ठिणगी स्वतःच दिसते. हात मात्र लांब ठेवा. चालू इंजिनची प्लगवायर हाताने ओढून सिलिंडर तपासायची हौस कृपया आमच्यासाठी ठेवा.

पॉइंट घासून गॅप लावणाऱ्यांसाठी एवढंच: बऱ्याच चार सिलिंडर गाड्यांत तो ०.३५ ते ०.४० मिमी असतो, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा खरा. गॅप बदलला की ठिणगीचं टायमिंगही बदलतं. ते पुन्हा लावलं नाही, तर काम अर्धंच झालं. कॉइल बदलताना आधी गाडीला बॅलास्ट (कॉइलचं व्होल्टेज उतरवणारा रेझिस्टर) आहे का ते बघा. बॅलास्टवर चालणारी कॉइल थेट १२ व्होल्टवर लावली की पॉइंट जळतात, उलट केलं तर स्पार्क कमजोर.

“नुसतं बघायचे पैसे कसले?” असं आम्हाला विचारलं जातं. ते या कामाचे. गाडी आम्ही रात्रभर ठेवून घेतो, कारण सकाळचं गार स्टार्टिंग आम्हाला स्वतः बघायचं असतं. आधी कॉम्प्रेशन मोजतो, कारण व्हॉल्व्ह जळलेला असेल तर कितीही प्लग बदलले तरी तो सिलिंडर उठणार नाही. काढलेला प्रत्येक पार्ट तुम्हाला परत देतो. आमच्याकडचे रोटर आणि कंडेन्सर तापवून तपासल्याशिवाय आम्ही विकत नाही, म्हणून ते जरा महाग वाटतात.

पॉइंटच्या जागी लागणारा इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा किटही आम्ही बसवतो, आणि चांगला किट पॉइंटची कटकट खरोखर संपवतो. मात्र मिसिंग सापडेपर्यंत बसवत नाही. वरची गाडी आठवा, तिथे किट टाकूनही रोटर गळतच राहिला असता. डिस्ट्रिब्युटरचा बुश झिजून शाफ्ट डगमगत असेल, तर आधी तो बुश बदलू, मग किटचं बोलू.

येताना टाकी निदान पाव भरलेली असू द्या, चकरा बऱ्याच माराव्या लागतात. कार्बोरेटरचे स्क्रू फिरवले असतील तर न लाजता सांगा. आणि जुने पार्ट, कितीही काळे पडलेले असले तरी, एका पिशवीत घालून मागच्या सीटवर ठेवा.