आखातातलं चिवट प्रवाळ

बडोदेकरांचा समुद्र म्हणजे कमाटीबागेच्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा. 1944 मध्ये तो महीच्या मुखाशी सापडला. खंभातचं आखात आपल्याला एवढं जवळ, पण प्रवाळ बघायला कोणी तिकडे जात नाही. त्यासाठी ओख्याची गाडी पकडून जामनगर गाठायचं, आणि तिथून साठेक किलोमीटरवरचं नरारा बेट. खंभातला प्रवाळ नाही आणि कच्छच्या आखातात आहे, हे कसं?

उत्तर नद्यांमध्ये आहे. मही, साबरमती, नर्मदा, तापी, सगळ्या आपला गाळ आणि गोडं पाणी खंभातच्या आखातात ओततात. प्रवाळजीवाला दोन्ही सोसत नाहीत. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यावर दोघांचं भागतं. पाणी फार गढूळ झालं की चूलच विझते. कच्छच्या आखाताला मोठी बारमाही नदी मिळत नाही, पाऊसही बेताचाच. तिथलंही पाणी काही नितळ नाही, उलट नेहमीच्या समुद्रापेक्षा खारट आहे. हिवाळ्यात ते चांगलंच गार पडतं, उन्हाळ्यात तापतं. तरीही सुमारे 50 जातींचं टणक प्रवाळ तिथे तग धरून आहे. 1980 मध्ये हा भाग सागरी अभयारण्य झाला आणि 1982 मध्ये त्यातला काही भाग राष्ट्रीय उद्यान. आपल्या देशातलं हे पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान.

इथे जायचा दिवस सुट्टी बघून ठरवता येत नाही, तो चंद्र ठरवतो. कोकणातल्या नातेवाइकांना ‘तिथीची पाऊणपट’ हा हिशेब पाठ असतो: पंचमी असेल तर पाचाचे पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती, आणि सहा तास आधी ओहोटी. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे हे गणित जमतं. पण तो हिशेब मुंबई-रत्नागिरीचा. कच्छच्या आखातात भरतीची लाट ओख्याकडून आत यायला वेळ घेते, शिवाय आखात आत निमुळतं आणि उथळ होत गेल्यामुळे पाणी चढतंही जास्त. ओख्याला भरती-ओहोटीतला फरक तीन-चार मीटरचा, तर आत नवलखीला सात मीटरच्या घरात. तेव्हा जामनगरच्या वेळा आधी विचारून घ्या.

या मोठ्या ओहोटीचा फायदा असा, की लक्षद्वीपला ज्यासाठी पाण्यात बुडी मारावी लागते ते इथे बूट घालून चालत बघता येतं. उघडं पडलेलं प्रवाळ नीट न्याहाळा. शेवाळी-तपकिरी गोटा, त्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी घरं आणि सगळ्यावर चकाकणारा बुळबुळीत थर. हा थर प्रवाळ स्वतःच सोडतं. पाणी ओसरल्यावर अंग सुकू नये म्हणून, आणि बसलेला गाळ झटकता यावा म्हणूनही. बोट मात्र लावू नका, तो थर पुसला गेला तर त्रास त्यालाच. गोटा म्हणते, कारण इथे बहुतेक जाती अशाच बसक्या, भरीव. चित्रांत दिसणारं सांबरशिंगासारखं फांद्यांचं प्रवाळ इथे मेलेल्या तुकड्यांतच जास्त सापडतं.

पुढच्या डबक्यात ऑक्टोपस दिसला तर नशीब. तो दिसतो म्हणण्यापेक्षा वाळूचा एक तुकडा अचानक हलतो. त्याच्या कातडीत रंगाच्या इवल्या पिशव्या असतात, भोवतीचे स्नायू त्या ताणतात किंवा सैल सोडतात आणि हुकूम थेट मज्जातंतूंकडून येतो, म्हणून रंग क्षणात बदलतो. गंमत म्हणजे या रंगाऱ्याच्या डोळ्यात रंग ओळखणारं रंजकद्रव्य एकाच प्रकारचं, म्हणजे आपल्या हिशेबाने तो रंगांधळा!

या किनाऱ्याशी बडोद्याचं नातं जुनं आहे. द्वारका-ओखामंडळ गायकवाडांच्या राज्यात होतं, आणि तिथल्या समुद्री जीवांची पाहणी सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या प्राणिशास्त्रज्ञाकडून करून घेतली. त्याच्या अहवालाचा पहिला भाग 1909 मध्ये निघाला. एका संस्थानाने त्या काळी स्पंज आणि समुद्री गोगलगायींची नोंद करवून घ्यावी, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

1998 मध्ये समुद्र तापला तेव्हा शैवालाने साथ सोडल्यामुळे जगभर प्रवाळ पांढरं पडलं. तेव्हाच्या पाहणीत लक्षद्वीपला 82 टक्के प्रवाळ पांढरं आढळलं, कच्छच्या आखातात 11 टक्के. एरवीच गारठा, उष्मा, खार आणि गाळ सोसून इथे चिवट जातीच तेवढ्या उरल्या, हे त्याचं एक कारण असावं. पण यावरून निर्धास्त होणं बरं नाही. सिमेंटसाठी इथली प्रवाळ-वाळू वर्षानुवर्षं उपसली गेली, आणि शेजारच्या वाडिनारला आज तेलाची मोठमोठी जहाजं लागतात.

जायचं असेल तर वनखात्याचा परवाना आणि सोबत वाटाड्या हवाच. जाड तळाचे, घट्ट बसणारे बूट घाला, चपला चिखलात राहतात. वाटाड्या ‘चला’ म्हणाला की फोटोचा मोह सोडून निघा. भरती समोरून येताना दिसेपर्यंत मागची खोलगट वाट पाण्याने भरलेली असते.