विहिरीतलं झाड आणि पाटण्याचं अंडं

चाळीसगावकडे एका शेतात विहिरीचं काम चालू होतं. वर काढलेल्या ढिगाऱ्यातून मुठीएवढा दगड उचलून आबांनी माझ्या हातात ठेवला. "हाई झाड दगडमा कसं गयं?" दुधी रंगाची गारगोटी, आणि आत काळ्या बारीक फांद्यांचं हुबेहूब झुडूप. कुणीही देव्हाऱ्यात ठेवावं असं.

भिंग लावलं आणि झाड मोडलं. पानाला शीर असते, खोडाला साल असते. इथं नुसते काळे कण एकमेकांना चिकटत पसरलेले. पाण्यात विरघळलेलं मँगनीज आणि लोह दगडात साचताना अशा फांद्या फुटतात. त्याला डेंड्राइट म्हणतात. जीवाश्माचं सोंग.

आबांचा चेहरा पडला. पण जीवाश्मांचा अभ्यास सुरू होतो तोच अशा संशयापासून, आणि खानदेशात तर तो जास्तच लागतो. आपल्या पायाखालचा काळा खडक म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा. त्या भट्टीत हाड कुठलं टिकायला? लाव्हा येण्याआधीच्या गाळात किंवा दोन उद्रेकांमधल्या तळ्यांत जे गाडलं गेलं, तेवढंच उरलं. विदर्भात पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या काळातली विष्ठा दगड होऊन मिळाली आणि 2005 साली तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिका-कण ओळखले गेले. तोवर गवत डायनोसॉरनंतर आलं असंच बहुतेकांना वाटत होतं. शेणानं शास्त्र बदललं म्हणायचं.

खानदेशाचं धन वेगळं, आणि वयानं फार कोवळं. पाटणादेवीला जाणारे भास्कराचार्यांचं नाव काढतात, पितळखोऱ्याची लेणी बघून येतात. त्याच परिसरातल्या पाटणे गावी 1972-73 मध्ये पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. अश्मयुगीन दगडी हत्यारांच्या थरात त्यांना शहामृगाच्या अंड्याची कवचं आणि त्यांचे मणी मिळाले. कार्बन पद्धतीनं वय आलं सुमारे 25,000 वर्षं. सातमाळ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी शहामृग धावत होते!

काटेकोर बोलायचं तर हा दगड झालेला जीवाश्म नव्हे. अंड्याचं कवच मूळचंच कॅल्साइटचं, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाचं, म्हणून ते तसंच टिकतं. जाडी साधारण दोन मिलिमीटर. कोंबडीच्या अंड्याच्या पाच-सहा पट. पृष्ठभागावर श्वासाची छिद्रं असतात आणि त्यांच्या मांडणीवरून पक्षी ओळखता येतो. पण कवच बोलतं ते खरं आतून. जिवंतपणी अन्नातून आलेला किरणोत्सारी कार्बन मेल्यानंतर दर 5,730 वर्षांनी निम्मा होतो. 25,000 वर्षांनी जेमतेम विसावा हिस्सा उरतो; तो मोजला की वय कळतं. साधारण 50,000 वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरत नाही, म्हणून डायनोसॉरला ही पद्धत लावून उपयोग नाही.

कार्बनचीच दुसरी, न झिजणारी जात सांगते मादीनं काय खाल्लं होतं. ज्वारी, बाजरी, मका, ऊस हे एका रीतीनं हवेतला कार्बन घेतात. गहू, कापूस, केळी आणि बहुतेक झाडंझुडपं दुसऱ्या. दोन्हींच्या खुणा कवचात वेगळ्या उमटतात. म्हणजे नखाएवढ्या तुकड्यावरून त्या काळी माळावर गवत जास्त होतं की झुडपं, याचा अंदाज बांधता येतो. 2017 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या गटानं राजस्थान-मध्य प्रदेशातल्या अशा कवचांतून डीएनएसुद्धा काढला. तो आफ्रिकी शहामृगाशी जुळला. आपल्या उष्ण हवेत हाडांतला डीएनए लवकर नासतो. कवचाच्या स्फटिकांत तो जरा सुरक्षित राहतो.

पाटण्याच्या एका तुकड्यावर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची नक्षी आहे. इथं पुन्हा आबांच्या झाडाची गोष्ट. भारतात अनेक ठिकाणी "कोरलेली" अंडी मिळाली होती. रॉबर्ट बेडनारिक या अभ्यासकानं ती तपासली, तेव्हा बहुतेकांवरच्या रेघा झाडांच्या मुळांनी कोरलेल्या निघाल्या. मुळं जमिनीत आम्ल सोडतात आणि चुनखडी कवचावर खाचा पाडतात. मुळाची खाच वळत, विरत जाते आणि तळाशी गोलसर असते. दगडी टोकाची रेघ सरळ, कडा धारदार. या कसोटीला पाटण्याचा तुकडा उतरला, माणसाच्या हातचा ठरला. मला तो मण्यांपेक्षा मोठा वाटतो. मण्याला निदान गळ्यात घालायचा उपयोग आहे. या रेघांना काय उपयोग होता?

मात्र हाच तुकडा कुणी नाल्यात सापडला म्हणून खिशात घालून आणला असता, तर निम्मी माहिती तिथंच गेली असती. कोणत्या थरात, कोणत्या हत्यारांसोबत, वर काय आणि खाली काय, हे उचलण्याआधी टिपावं लागतं. उत्खननात दोरी, मोजपट्टी आणि वही कुदळीच्या आधी येतात ती यासाठीच.

आबांना मी विचारलं, गारगोटी कुठं मिळाली? उत्तर खाडकन आलं, "मुरूम सरना, काया खडक लागना, तठेच." आणि त्यांनी काठीनं विहिरीच्या भिंतीवरची ती रेघही दाखवली.